ओटा तोडण्याआधी, दगड घेण्याआधी

पावसाळा सरला की घराच्या दुरुस्त्यांचे बेत सुरू होतात आणि स्वयंपाकघरातल्या ओट्याबद्दलचे तेच ते प्रश्न वाचक पुन्हा विचारू लागतात. ग्रॅनाइट पांढुरका पडलाय, पॉलिश करून चालेल की बदलावाच लागेल? क्वार्ट्झ घ्यावं का? लिंबाचा डाग पडला, म्हणजे दुकानदाराने नकली दगड दिला का? मिस्त्री म्हणतो सगळं तोडावं लागेल, ते खरं आहे का?

दगडाच्या रंगाची आणि नावाची चौकशी सगळेच करतात. त्याच्याखाली आधार कसला असेल, सिंक कुठे बसेल, जोड कुठे येईल, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. ओटा वीस-पंचवीस वर्षं टिकतो तो या न विचारलेल्या गोष्टींच्या बळावर. तेव्हा आधी त्यांच्याकडे बघू.

तोडायचा की सावरायचा?

मिस्त्रीला बोलावण्याआधी एकदा ओटा पूर्ण रिकामा करा, धुऊन कोरडा करा आणि दिवसाच्या उजेडात नीट बघा. खालच्या ट्रॉल्या काढून टॉर्चच्या उजेडात खालची बाजूही तपासा. दिसेल त्यावरून निर्णय घ्या.

- दगड शाबूत, फक्त चकाकी गेलेली. सिंकच्या आसपास आणि गॅसच्या पुढ्यात, जिथे रोज घासणी फिरते, तिथेच बहुधा हे होतं. जागेवर पॉलिश करून काम भागतं.
- जोड उघडलेत, सिंकच्या कडेने पाणी झिरपतं. जुनं सिलिकॉन किंवा पांढरं सिमेंट पूर्ण खरवडून काढा, जागा दोन दिवस सुकू द्या, मग नव्याने भरून घ्या. ओलाव्यावर भरलेलं सिलिकॉन धरत नाही.
- सिंकच्या किंवा हॉबच्या (ओट्यात बसवलेल्या शेगडीच्या) कोपऱ्यातून चीर निघाली आहे. चिरेवरून नख फिरवा. दोन्ही बाजू एका पातळीत असतील तर दगडाच्या रंगाचं इपॉक्सी भरून ती बुजवता येते. नखाला पायरी लागली तर एक बाजू खाली बसली आहे, म्हणजे खालचा आधार सुटला आहे. अशा वेळी वरून काहीही भरलं तरी ती चीर पुन्हा उघडणार. आधी आधार दुरुस्त करून घ्या.
- ओट्याखाली आधाराला घातलेला आडवा कडप्पा सुटलाय किंवा सतत ओला राहतो, उभे कडप्पे हलतात. तोडण्याला पर्याय नाही.

जुना ओटा तसाच ठेवून त्यावर नवा ग्रॅनाइट टाकण्याचा मधला मार्गही असतो. धूळ कमी, दिवस कमी, म्हणून तो मोहात पाडतो. पण खालचा सिमेंटचा माल धरून उंची साधारण इंचभर वाढते. खिडकीची चौकट, नळ, स्विचबोर्ड आणि डेडो टाइल्सची पहिली ओळ यांच्याशी ही उंची जुळते का ते आधी मोजा. शिवाय १८ मिलिमीटर जाडीच्या ग्रॅनाइटचं वजन दर चौरस फुटाला साडेचार किलोच्या आसपास भरतं. २२ चौरस फुटांचा ओटा असेल तर जुन्या कडप्प्यांवर शंभर किलोंचा नवा भार येतो. खालचे उभे कडप्पे भक्कम असतील तरच हा मार्ग धरा.

संगमरवरासारखे दिसणारे चिकटपट्टीचे कागद ओट्यावर लावू नका. गॅसजवळ ते सुटतात, सिंकजवळ त्यांच्याखाली पाणी साचतं आणि त्या ओलाव्यात झुरळं होतात.

कोणता दगड?

रोज फोडणी होणाऱ्या, कुकर थेट गॅसवरून उतरवून ओट्यावर ठेवणाऱ्या घरासाठी माझं मत स्पष्ट आहे: गडद रंगाचा, घट्ट कणांचा ग्रॅनाइट. आंध्र प्रदेशात चिमाकुर्तीच्या खाणींतून येणारा ब्लॅक गॅलेक्सी किंवा चांगल्या प्रतीचा जेट ब्लॅक तेल, हळद आणि उष्णता तिन्ही सोसतो. बाकीच्या पर्यायांबद्दल निर्णयापुरतं सांगते.

कडप्पा हा चुनखडीचा दगड. स्वस्त आणि मजबूत, पण लिंबू, चिंच, व्हिनेगर यांनी त्यावर पांढरट चट्टे पडतात. कोकमाचं आगळ सांडलं तरी तेच. ओट्याखाली आधाराला तो उत्तम, वर नको. संगमरवरावरही तसेच चट्टे पडतात, शिवाय त्यावर हळद बसते ती वेगळी. क्वार्ट्झ म्हणजे क्वार्ट्झची भुकटी रेझिनमध्ये घट्ट बसवून कारखान्यात केलेला दगड. डागांना तो चांगला, मात्र त्यातलं रेझिन उष्णतेने पिवळं पडतं किंवा तडकतं. गरम कढई ठेवायला लाकडी पाट किंवा जाळी वापरायची सवय घरातल्या सगळ्यांना, कामाला येणाऱ्या मावशींनाही, असेल तरच तो घ्या. नॅनो व्हाइट दिसतो सुंदर, पण त्याच्या कडा ठिसूळ असतात आणि टवका उडाला की दुरुस्ती दिसून येते. कोरियन (Corian) या ब्रँडसारखे अ‍ॅक्रिलिकचे ओटे उष्णतेला नाजूक असतात. त्यांचा एक गुण मोठा: ओरखडे घासून काढता येतात आणि जोड दिसत नाही.

दगडाच्या वखारीत जाल तेव्हा घरून लिंबू, पांढरा रुमाल, नेलपॉलिश काढायचं द्रव आणि टेप घेऊन जा. आणि हे करून बघा:

1. दगडाच्या तुकड्यावर पाण्याचे काही थेंब टाकून दहा-पंधरा मिनिटं थांबा. खालची जागा गडद झाली तर दगड पाणी पितो, म्हणजे तेलही पिणार.
2. लिंबाचा रस तसाच ठेवून पुसा. जागा निस्तेज झाली तर त्यात चुन्याचा अंश आहे.
3. नेलपॉलिश काढायच्या द्रवात रुमाल भिजवून काळ्या दगडावर जोराने घासा. रुमाल काळा झाला तर दगड रंगवलेला आहे. असे दगड दोन-तीन वर्षांत सिंकजवळ राखाडी पडतात.
4. दगडाची मागची बाजू बघा. तिथे जाळी चिकटवलेली असेल तर दगडात भेगा आहेत का ते विचारा. जाळी नेहमीच वाईट नसते, पण सिंकचा कट नेमका त्या भागात येऊ देऊ नका.
5. जाडी तीन-चार ठिकाणी मोजा. १८ मिलिमीटर सांगून १५ देणारे भेटतात. पुढची कड जाड दिसते ती बहुधा खाली चिकटवलेल्या पट्टीमुळे, तिच्यावरून जाडी ठरवू नका.

पसंत पडलेल्या लादीवर खडूने आपलं नाव लिहून तिचा फोटो काढा. घरी येणारी लादी तीच आहे ना, हे त्यावरून पडताळता येतं.

मोजमापात पैसे कुठे जातात

समजा तुमचा ओटा एल आकाराचा आहे, एका भिंतीला ८ फूट आणि दुसऱ्या भिंतीला ५ फूट, रुंदी २ फूट. काही जण ८ आणि ५ मिळवून १३ फूट धरतात, गुणिले २, म्हणजे २६ चौरस फूट. यात कोपरा दोनदा मोजला गेला. बरोबर हिशेब असा: ८ गुणिले २ म्हणजे १६, आणि उरलेल्या ३ फुटांचे ६, एकूण २२. चार चौरस फुटांचा फरक दगडातही पडतो आणि मजुरीतही.

कडेच्या मोल्डिंगचा दर रनिंग फुटावर असतो. वरच्याच ओट्याची पुढची कड ६ अधिक ३ म्हणजे ९ फूट भरते. एक टोक उघडं असेल तर आणखी २ फूट. भिंतीकडच्या बाजूला मोल्डिंग नसतं, तरी १३ फुटांचं बिल लावलेलं आढळतं.

अनेक वखारींत माप ३ इंचांच्या पटीत वर ओढून धरतात. ही त्या धंद्याची रीत आहे, पण ती भाव ठरवतानाच बोलून घ्या. सिंकचं आणि हॉबचं कटिंग, नळाचं भोक, वाहतूक, मजल्यावर चढवण्याची हमाली, जुना ओटा तोडून डेब्रीज उचलणं हे सगळं कोटेशनमध्ये वेगवेगळं लिहून मागा. उरलेले तुकडे कोणाचे, तेही ठरवा. खिडकीच्या पट्टीला किंवा मांडणीला ते कामी येतात.

बसवताना: आधार, उंची, सिंक

उंचीपासून सुरुवात करा. जी व्यक्ती सर्वांत जास्त वेळ स्वयंपाक करते तिला उभं करा, कोपर काटकोनात वाकवायला सांगा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचं अंतर मोजा. त्यातून ४ ते ५ इंच वजा केले की कणीक मळायला, चिरायला सोयीची उंची मिळते. बहुतेक घरांत ती ३२ ते ३४ इंचांत बसते. फरशीवर पुढे नवी टाइल टाकणार असाल तर तेवढी उंची आत्ताच धरा. शेगडी काढून ओट्यात बसणारा हॉब घेणार असाल तर बर्नर तीन-चार इंच खाली येतात, त्याचाही विचार करा. पाठ आणि खांदे दुखण्याचं मूळ कितीतरी घरांत ओट्याच्या चुकीच्या उंचीत असतं, आणि ती उंची ठरवताना स्वयंपाक करणाऱ्या बाईला कोणी विचारलेलंच नसतं.

आधार उभ्या कडप्प्यांचा असेल तर त्यांच्यातलं अंतर दोन-अडीच फुटांपेक्षा जास्त नसावं आणि सिंक व हॉबच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी एक आधार हवाच. त्यांच्यावर आडवा कडप्पा, त्यावर माल, मग ग्रॅनाइट. मॉड्युलर पद्धतीत दगड प्लायवूडच्या खोक्यांवर बसतो. तिथे सिंकखालचं खोकं तरी आयएस ७१० छापाच्या मरीन प्लायचं करून घ्या. साधा प्लाय काही पावसाळ्यांत फुगतो आणि त्याबरोबर दगडही हलतो.

सिंक आधी विकत घ्या, कट नंतर मारा. कंपनीचा कागदी साचा पेटीत असतो, तो मिस्त्रीच्या हाती द्या. कटाचे चारही कोपरे गोलाई ठेवून कापलेले हवेत. टोकदार काटकोनात दगडावरचा सगळा ताण एकवटतो आणि तिथूनच चीर निघते. आधी कोपऱ्यांना ड्रिलने भोकं पाडून मग ती जोडत कापणारा मिस्त्री जाणकार समजा. सिंकच्या पुढे दगडाची किमान तीन-चार इंचांची पट्टी राहिली पाहिजे.

सिंक ओट्याच्या खालून बसवायचं असेल तर नुसत्या सिलिकॉनवर विसंबू नका. २४ बाय १८ इंचांचं, ९ इंच खोल सिंक काठोकाठ भरलं तर त्यात साठ किलोंहून अधिक पाणी मावतं, भांडी वेगळीच. खाली क्लिप आणि पट्टीचा किंवा कडप्प्याचा आधार मागून घ्या.

उताराबद्दल खूप गोंधळ आहे. सिंककडे किंचित उतार हवा हे खरं, पण गॅसखालचा दगड पाणसळीत सरळ नसेल तर तव्यावरचं तेल एका बाजूला धावतं आणि घावन एकीकडे जाड होतं. एका अखंड लादीला दोन उतार देता येत नाहीत. म्हणून एल आकारात गॅसची लादी सपाट आणि जोडापलीकडची सिंकची लादी नावापुरती कललेली, अशी वाटणी करा. सरळ ओट्यात सगळंच सपाट ठेवून पुढच्या कडेला पाणी अडवणारी पट्टी घ्या. कडेच्या खालच्या अंगाला एक बारीक खाच मारून घेतली की सांडलेलं पाणी ट्रॉल्यांवर न ओघळता खाचेपाशीच खाली टपकतं. खर्च थोडा, उपयोग रोजचा, तरी न सांगता ही खाच फारसं कोणी करून देत नाही.

जोड सिंकच्या किंवा हॉबच्या मधोमध येऊ देऊ नका. ओटा आणि डेडो टाइल्स यांच्यातली फट पांढऱ्या सिमेंटने भरू नका. ते तडकतं, काळं पडतं आणि तिथून पाणी भिंतीत शिरतं. तिथे बुरशी न धरणारं सिलिकॉन वापरा.

गॅस सिलिंडर ओट्याखाली बंद कपाटात ठेवणार असाल तर दाराला अगदी तळाशी जाळी किंवा भोकं हवीत, कारण हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि गळती झाली तर जमिनीलगत साचतो. पाइपगॅसची नळी सरकवायची असेल तर कंपनीने नेमलेल्या माणसाकडूनच सरकवा. मिस्त्री किंवा प्लंबरला तिला हात लावू देऊ नका.

धूळ आणि अ‍ॅसिड

ग्रॅनाइट आणि त्याहून अधिक क्वार्ट्झ कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते. ती फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. कारागिरांच्या याच आजारामुळे ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून कारखान्यात बनवलेल्या क्वार्ट्झच्या दगडावर बंदी घातली. आपल्याकडे तरुण मुलं तोंडाला रुमाल गुंडाळून गॅलरीत कोरडा कटर चालवतात, आणि रुमालाने ही धूळ अडत नाही. तेव्हा काम ठरवताना आग्रहाने सांगा: मोठं कटिंग वखारीत पाण्याखाली होईल, घरात जे थोडं करावं लागेल ते पाणी सोडत होईल, आणि कामगाराला एन ९५ मास्क मिळेल. मास्कचा खर्च तुम्ही केलात तरी तो फार नाही. घरातल्या लहान मुलांना आणि दमेकऱ्यांना त्या दिवसापुरतं दुसरीकडे ठेवा.

काम संपल्यावर सिमेंटचे डाग काढायला मिस्त्री अ‍ॅसिडची बाटली काढतो. त्याला थांबवा. अ‍ॅसिडने स्टीलच्या सिंकवर काळे-तांबडे ठिपके पडतात, कडप्प्याची आणि संगमरवराची चकाकी जाते, सांध्यातलं सिमेंट पोखरलं जातं. ओला कपडा आणि प्लास्टिकची पट्टी सिमेंट ओलं असताना वापरली तर अ‍ॅसिडची गरजच पडत नाही.

मालावर बसवलेल्या ओट्यावर तीन-चार दिवस जड काही ठेवू नका. सिलिकॉनला पहिले २४ तास पाणी लागू देऊ नका.

रोजची निगा

कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ कापड, मग कोरडं पुसणं. एवढंच पुरतं. शेवटचं कोरडं पुसणं चुकवू नका, कारण बोअरवेलच्या क्षारांचा पांढरा थर वाळलेल्या पाण्यानेच चढतो. तारेची घासणी, टॉयलेट क्लीनर आणि गंज काढायची द्रवं ओट्यापासून लांब ठेवा. चमक यावी म्हणून खोबरेल तेल पुसण्याची पद्धत काही घरांत आहे. त्या तेलावर धूळ बसून दगड अधिकच मळकट दिसतो.

नारळ ओट्याच्या कडेवर फोडू नका, खलबत्ता थेट दगडावर कुटू नका. त्याखाली जाड गोणपाट ठेवा, किंवा सरळ जमिनीवर घ्या.

डाग पडलाच तर:

- तेलाचा डाग: खायच्या सोड्याची पाण्यात घट्ट पेस्ट करून लावा, वर प्लास्टिक झाका, दुसऱ्या दिवशी काढा. दोन-तीनदा करावं लागतं.
- फिकट दगडावरची हळद किंवा चहा: औषधांच्या दुकानातलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड सोड्यात कालवून तसंच लावा. आधी कोपऱ्यात चाचणी घ्या. काळ्या दगडावर हे वापरू नका.
- नळाभोवतीचा क्षारांचा थर: ओला करून प्लास्टिकच्या कार्डाने खरवडा. ग्रॅनाइटवर पातळ केलेलं व्हिनेगर मिनिटभर चालेल, मग लगेच धुवा. कडप्पा आणि संगमरवरावर अजिबात नको.

ब्लीच आणि अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो आणि बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेतू शकतो.

फिकट किंवा पाणी पिणाऱ्या ग्रॅनाइटला आत मुरणारा सीलर लावून घ्या. वर सांगितलेली पाण्याच्या थेंबांची चाचणी वर्षातून एकदा घरच्या ओट्यावर करा. जागा गडद होऊ लागली की सीलर पुन्हा लावायची वेळ झाली. घट्ट काळ्या ग्रॅनाइटला त्याची बहुधा गरज नसते, म्हणून कोणी आग्रह केला तर आधी चाचणी करायला सांगा.

जागेवर पॉलिश करून घेताना

हे काम डायमंड पॅडनी, पाणी सोडत, टप्प्याटप्प्याने होतं: ५० किंवा १०० नंबरपासून २००, ४००, ८००, १५०० आणि ३००० पर्यंत. मधले नंबर गाळले तर समोरून चमक दिसते, पण तिरप्या उजेडात गोल ओरखडे उठून दिसतात. म्हणून पैसे देण्याआधी दिवे बंद करून मोबाइलचा टॉर्च ओट्याला समांतर धरा. पाच मिनिटांत मेण चोपडून चकाकी आणणारेही येतात. पॉलिश झालेला एक हातभर भाग गरम पाणी आणि साबणाने धुऊन पाहा. चमक टिकली तर काम खरं झालं आहे. रंगवलेला दगड मात्र घासल्यावर आणखी राखाडी दिसू शकतो, त्याला पॉलिशवर खर्च करण्यात अर्थ नाही.

काम सुरू करण्याआधी स्वयंपाकघरातले खालच्या उंचीवरचे स्विच बंद करून झाकायला विसरू नका.

तुमचे हक्क

- नव्या फ्लॅटमधला ओटा. महारेराकडे नोंदलेल्या प्रकल्पात ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत कामाच्या दर्जातला दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. खचलेला ओटा किंवा गळकं सिंक यांबद्दल लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. करारनाम्याला जोडलेल्या सुविधांच्या यादीत ओट्याबद्दल काय लिहिलं आहे तेही वाचा. बिल्डरचा ओटा आधीच तोडून टाकलात तर दोष दाखवायला काही उरत नाही, म्हणून आधी फोटो आणि पत्र, मग तोडणं.
- दुकानदार आणि कंत्राटदार. बिल न देणं, तसंच सदोष माल बिलातल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं, ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर दगडाचं नाव, जाडी, चौरस फूट आणि कामाची हमी लिहून घ्या. नुसतं 'ग्रॅनाइट काम' असं लिहिलेलं बिल वादात उपयोगी पडत नाही.
- तक्रार कुठे? राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही आणि वकील लावण्याची सक्ती नाही.
- सोसायटी. तोडफोडीआधी लेखी कळवा. सिंक किंवा सांडपाण्याची वाट हलवणार असाल तर खालच्या घरमालकाशी बोला आणि त्यांच्या छताचे आधीचे फोटो दोघांनी मिळून काढून ठेवा. पुढे ओल आली तर ती आधीची की नंतरची, यावर भांडायची वेळ येत नाही.
- भाड्याचं घर. ताबा घेतानाच ओट्याच्या चिरा, टवके आणि डाग यांचे तारखेसह फोटो काढून घरमालकाला पाठवा, म्हणजे घर सोडताना आधीच्या नुकसानीचे पैसे तुमच्या अनामत रकमेतून कापले जाणार नाहीत.